बदलीचे अठ्ठावीस महिने

मंगळवार, १५ फेब्रुवारी १९८३. रक्कम अठरा हजार रुपये. हजर: आमचे वकील, मी, वस्ताद, दोघे वेटर आणि मोरीवरच्या मावशी. आम्ही पाचही जण नाशिकच्या एस.टी. स्टँडजवळच्या एका हॉटेलात कामाला होतो. ते हॉटेल आदल्या दिवाळीच्या तोंडावर बंद झालं आणि आमचा तीन वर्षांचा शिल्लक पगार शेठकडे राहिला. तो मागण्यासाठी कामगार न्यायालयात अर्ज करायचा होता.

वकिलांचं ऑफिस म्हणजे त्यांच्या राहत्या घराची पुढची खोली. खुर्च्या तीन होत्या. वस्ताद आणि मी बसलो. तिसरी रिकामी होती, पण बसा म्हटलं तरी मावशी बसल्या नाहीत. वेटर दाराशी उभे राहिले, गिऱ्हाइकाची वाट बघत उभे राहायचे तसेच.

वकिलांनी एकाखाली एक आकडे मांडले. माझे एकवीसशे साठ. वस्तादचे सहा हजार एकशे वीस. एका वेटरचे छत्तीसशे, दुसऱ्याचे बत्तीसशे चाळीस. मावशींचे अठ्ठावीसशे ऐंशी. बेरीज करून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बरोबर अठरा हजार? एवढा गोल आकडा बरा दिसत नाही हो. घरी बसून ठरवल्यासारखा वाटतो."

"ठरवला नाही, आला," मी म्हणालो. "दर महिन्याला पाच जणांचे मिळून पाचशे मागे राहायचे. छत्तीस महिने."

"मग कोणाचे तरी पाच-दहा रुपये कमी करा."

वस्तादनी विचारलं, "कोणाचे?"

वकिलांनी अठरा हजारच लिहिले. फी वसुलीच्या दहा टक्के, आणि तीही पैसे हातात आल्यावर, असं ठरलं.

मी १९७१ पासून त्या हॉटेलच्या गल्ल्यावर होतो. आमच्याकडे बिलाचा कागद नव्हता. गिऱ्हाईक उठलं की वेटर टेबलाजवळूनच ओरडायचा, "टोपीवाले बाबा एक रुपया वीस, मागे चष्मेवाले साठ पैसे!" मी टोपी आणि चष्मा बघून पैसे घ्यायचो. अकरा वर्षांत माझा गल्ला कधी चुकला नाही असं नाही, पण चुकला तर माझ्या खिशातून भरला.

शेठ माणसांना नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. एक वेटर हरसूलकडचा, त्याला हरसूल. दुसरा कळवणचा, त्याला कळवण. आचाऱ्याला फक्त वस्ताद म्हणत, तो निफाड तालुक्यातला. मोरीवर भांडी घासणारा माणूस विंचूरचा होता, त्याला विंचूर. मलाही पहिली दोन-तीन वर्षं "सिन्नर" म्हणत, पुढे गल्ल्यावरचा माणूस म्हणून "भाऊ" म्हणायला लागले.

पगाराची रीत अशी होती. महिन्याचा पगार ठरलेला असे, पण तो सगळा कोणी घेत नसे. लागतील तेवढे पैसे अधूनमधून उचलायचे, बाकी शेठकडे जमा ठेवायचे. जेवण हॉटेलात, झोपणं हॉटेलात, बिडीकाडीपुरती टिप मिळायची. मग पैसे खिशात ठेवून करायचं काय? दिवाळीला शेठ हिशेब करून जमा रक्कम हातात देत, वर मिठाईचा पुडा. पावती त्यांनी कधी मागितली नाही आणि आम्ही कधी दिली नाही. १९७९ च्या दिवाळीपर्यंत पै न् पै मिळाली, हे मी लिहून ठेवलं पाहिजे. त्यानंतर दोन दिवाळ्या नुसता पुडाच आला. "पुढच्या दिवाळीला एकदम घ्या," असं शेठ म्हणत. तिसऱ्या दिवाळीआधीच त्यांनी जागा विकायला काढली आणि हॉटेलला कुलूप लागलं.

दुसरी रीत बदलीची. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कोणाला गावी जायचं असलं तर तो रजा मागत नसे. आपल्या जागी भाऊ, चुलतभाऊ, मेहुणा कोणीतरी आणून उभा करायचा. तो बदली. त्याला हाक तीच, हजेरीपटावर नाव तेच, महिनाअखेर सहीही तो मूळ माणसाच्या नावाचीच करायचा. कळवण दर वर्षी कांद्याच्या वेळी दोन महिने जायचा. त्या दोन महिन्यांत त्याचा चुलतभाऊ कळवण असायचा. वस्ताद चैत्रात गावच्या यात्रेला म्हणून जायचे ते वैशाख संपवून यायचे, तोवर त्यांचा धाकटा भाऊ भट्टीवर. हरसूल भातलावणीला एक महिना. मला एकदा विषमज्वर झाला तेव्हा महिनाभर माझा मेहुणा गल्ल्यावर बसला. उचल बदली घ्यायचा, जमा मूळ नावावर राहायची, मागाहून दोघं आपसात बघून घ्यायचे. शेठला जागा भरलेली असली की झालं. आम्हालाही यात काही वेगळं वाटत नसे.

मोरीवरचा विंचूर १९८० च्या मार्चात काविळीने पडला. त्याची बायको बदली म्हणून आली. ती मूळची नाशिकचीच, एका बौद्ध वस्तीतली, चौथी पास. आल्या दिवसापासून आम्ही तिला मावशी म्हणायला लागलो. वयाने ती माझ्यापेक्षा लहान होती, पण हॉटेलात मोरीवरच्या बाईला मावशीच म्हणतात. जूनअखेर नवरा वारला. पाचव्या दिवशी ती कामावर आली तेव्हा मी गल्ल्यावरच होतो. शेठ तिला म्हणाले:

"विंचूर गेला, वाईट झालं. पण नाव तेच राहू दे. नवीन नाव घातलं की इन्स्पेक्टर दहा प्रश्न विचारतो. शिवाय बाईमाणसाला मी नव्वद देतो. नाव तेच राहिलं तर एकशेचाळीस चालू राहतील. बघ, तुझं तू ठरव."

"राहू द्या," ती म्हणाली.

त्या दिवसापासून शेठ तिलाच "विंचूर" म्हणायला लागले. "विंचूर, ग्लास!" म्हटलं की ती आतून "आले" म्हणायची. महिनाअखेर हजेरीपटावर ती नवऱ्याच्या नावाची सही करायची, अगदी त्याच्यासारखी, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट देऊन. असे अठ्ठावीस महिने गेले.

एकशेचाळीसातले साठ ती उचलायची. संध्याकाळी दोन घरची धुणीभांडी करून पोटापुरतं भागवायची. ऐंशी शेठकडे जमा. त्याचं कारण तिची खोली. ती राहत होती त्या चाळीच्या मालकाने भाडेकरूंना खोल्या विकत द्यायचं काढलं होतं, एका खोलीचे चार हजार. नवरा होता तेव्हाच दोघांनी बाराशे भरले होते. राहिले अठ्ठावीसशे. शेठकडे अठ्ठावीसशे ऐंशी होते. दोन मुली होत्या. ही खोली गेली तर एवढ्या भाड्यात दुसरी मिळणार नव्हती. हे सगळं तिने मला एकदा, पेले पुसता पुसता, दोन-चार वाक्यांत सांगितलं होतं.

आता त्या मंगळवारकडे येतो. वकिलांनी एकेकाचं नाव विचारलं. मावशींनी नवऱ्याचं नाव सांगितलं. आम्ही चौघं तिथे होतो, कोणालाही खटकलं नाही. हजेरीपटावर ते नाव होतं, पगार त्या नावाचा होता, मागायचा तोच होता. वकिलांना वाटलं नवरा गावी असेल, बायको आली आहे. अर्ज टाइप झाल्यावर त्यांच्या कारकुनाने ढीगभर कागद पुढे केले आणि पाचही सह्या झाल्या. मावशींनी शेपटाची सही केली.

जुलैत शेठचं उत्तर आलं. त्यांनी हजेरीपट दाखल केला होता आणि सोबत नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला. वकिलांनी आम्हाला बोलावून घेतलं.

"अहो बाई, तुमचे यजमान ऐंशी सालीच वारले?"

"हो."

"मग या अर्जावर सही कोणाची?"

"माझी."

"तुमची कशी? नाव त्यांचं आहे!"

"कामावर पण तेच होतं," मावशी म्हणाल्या.

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही हिशेबी माणूस. तुम्हालाही वाटलं नाही सांगावंसं? मेलेल्या माणसाने अर्ज केलाय आपल्याकडून. आता ते म्हणतात, अठ्ठावीस महिन्यांच्या सह्या खोट्या, फिर्याद करू."

मी म्हणालो, "बदली होती ती."

"बदली म्हणजे?"

तेव्हा पहिल्यांदा आम्ही वकिलांना बदलीची रीत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरात जाऊन पाणी पिऊन आले. मग अर्ज दुरुस्त केला: नवऱ्याचे आठ महिने मावशींना वारस म्हणून, पुढचे अठ्ठावीस स्वतः कामगार म्हणून.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका तारखेला शेठ कोर्टाच्या आवारात भेटले. न्यायाधीश साहेब रजेवर होते, तारीख पुढे गेली. शेठ एकटेच आमच्याकडे आले. "चला, चहा घेऊ," म्हणाले. सवयच ती. आम्ही गेलो. कोर्टाच्या टपरीवर पाच चहा सांगितले, मावशी बाहेर झाडाखाली बसल्या होत्या, त्यांना सांगितला नाही.

वस्तादनी एक घोट घेतला. "उकळी कमी हाय."

"तुझ्या हाताची सर कुठं," शेठ म्हणाले. आणि मग चहा संपेपर्यंत सरळ बोलले. "तुम्हा चौघांचे पंधरा हजार एकशे वीस होतात. महिन्याभरात देतो, एक रुपया कापत नाही. मला जागा मोकळी करायची आहे, घेणाऱ्याला भानगड नकोय. पण त्या बाईला मी पैसा देणार नाही. बाई असून तिला पुरुषाचा पगार दिला, नवरा गेल्यावर दारात उभं केलं, आणि तिनं माझ्यावर कोर्ट करावं?"

"कोर्ट तर आमी पण केलंय शेठ," वस्ताद म्हणाले.

"तुमचं वेगळं." ते माझ्याकडे वळले. "भाऊ, चौघांनी एवढंच लिहून द्यायचं, की ऐंशीच्या जूननंतर मोरीवर कोणी बाई कामाला नव्हती. वेटर आळीपाळीने भांडी घासत होते. बस्स."

पैसे शेठनी दिले. कळवणने रिकामे ग्लास गोळा करून टपरीवाल्याकडे नेऊन दिले. टपरीवाला म्हणाला, "राहू दे ना रे, तू काय इथं कामाला आहेस?"

आम्ही तसेच वकिलांकडे गेलो. मावशीही होत्या, कारण परत जायची वाट तीच होती. शेठ काय म्हणाले ते मी सगळ्यांसमोर सांगितलं, रकमेसकट. वकिलांनी दोन्ही बाजू मांडल्या. लिहून दिलं तर चौघांचे पूर्ण पैसे महिन्यात, मावशींचा अर्ज संपला, वर सह्यांची फिर्याद होणार नाही एवढी काळजी वकील स्वतः घेतील. लिहून दिलं नाही तर मावशींची बाजू सांगायला साक्षीत बदलीची रीत सांगावी लागेल. आणि ती सांगितली की पुढचा प्रश्न येणार, तुमच्या जागी कोण कोण आणि किती महिने होतं. तेवढे महिने तुमच्या रकमेतून जाणार.

"किती जातील?" हरसूलने विचारलं.

मी तिथेच हिशेब केला. वस्तादचे सहा महिने, एक हजार वीस. कळवणचे सहा, पाचशे चाळीस. हरसूलचे तीन, तीनशे. माझा एक, साठ. एकूण एकोणीसशे वीस. समोर मावशींचे अठ्ठावीस महिन्यांचे दोन हजार दोनशे चाळीस, तेही मिळाले तर. वारसाचे सहाशे चाळीस वेगळे. मी मोठ्याने वाचून दाखवलं.

कळवण भडकला. भडकला की त्याला गावची बोली यायची. "तो मना पैसा शे!" मग आमच्या भाषेत, "माझा पैसा आहे, पाचशे चाळीस मी कशाला सोडू? आन् दोन-तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या घासायच्या ते वेगळंच. बहिणीचं लगीन काढलंय मी, भाऊ."

"कोणी म्हणतंय का सोड म्हणून?" वस्ताद म्हणाले.

"तुम्ही बोलत नाही, पण तोंड तसं करून बसलाय ना!"

"माझं तोंड असंच हाय. भट्टीपुढं बसून झालंय."

कळवण मावशींकडे वळला. "मावशी, तुम्हीच सांगा. मी काय करू?"

मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी काय सांगू? पैसे तुमचे आहेत. मी तिथं नव्हते असं लिहून देणार असाल तर माझ्यासमोर लिहू नका, एवढंच."

मग त्यांनी वकिलांना विचारलं, अर्ज गेला तर सहाशे चाळीस तरी येतील का. वकील म्हणाले, नाही, फिर्याद टाळायची तर तेही सोडावे लागतील. "बरं," म्हणाल्या, आणि चपला घालून गेल्या.

त्या दिवशी काही ठरलं नाही. घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं. ती पोळ्या करत होती.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी हिशेब सांगितला."

"ते कळलं हो. म्हणालात काय?"

मी म्हटलं, मी लिहून देणार नाही असं वाटतंय.

"तुमचे साठच जाणार, म्हणून वाटतंय. वस्तादांच्या जागी असतात तर हजार सोडले असते का?"

तिने पोळी उलटली. "आणि त्या बाईनं केलं तेच मला करावं लागलं तर? उद्या तुम्हाला काही झालं आणि मी तुमच्या जागी बसले, तर माझ्या बाजूनं कोण बोलेल?" मग म्हणाली, "जाऊ दे. जेवून घ्या."

हरसूल दुसऱ्या दिवशी येऊन मला सांगून गेला, "वस्ताद म्हणतील तसं." कळवण आलाच नाही. लिहून देण्याचा कागद शेठच्या वकिलांनी टाइप करून पाठवला होता. तो आमच्या वकिलांच्या टेबलावर मार्चपर्यंत पडून होता. त्यावर एकच सही होती, कळवणची. चौघांच्या सह्यांशिवाय तो चालणार नव्हता.

मार्च १९८४ मध्ये साक्षी सुरू झाल्या. पहिले वस्ताद. धुतलेला सदरा, टोपी. आमच्या वकिलांनी विचारलं, मोरीवर कोण होतं. वस्ताद म्हणाले, "मावशी. त्या बसल्यात ना, त्या."

मग शेठचे वकील उठले.

"हजेरीपटावर या बाईंचं नाव आहे का?"

"नाय. नवऱ्याचं हाय."

"म्हणजे ही बाई तिथे कामाला नव्हती."

"होती. ती बदली होती."

"म्हणजे दुसऱ्याच्या नावावर पगार खायचा, असंच ना? तुम्हीही तेच करत होता?"

इथे वस्ताद गप्प बसू शकले असते. आमचे वकील हरकत घ्यायला अर्धे उठलेही होते. पण वस्तादनी सांगून टाकलं. "करत होतो. दर चैत्रात मी गावी जायचो, दोन महिने. माझा धाकटा भाऊ भट्टीवर असायचा."

"तुमच्याच नावावर?"

"माझ्याच. शेठला ठावकं हाय."

"तुमच्या भावाला स्वयंपाक येतो का हो?"

"नाय येत. त्या दोन महिन्यांत गिऱ्हाईक कमी व्हायचं. शेठलाच विचारा."

कोर्टात हशा पिकला. शेठही हसले, मान खाली घालून. साहेब हसले नाहीत, ते लिहीत होते.

वस्तादनी एकदा सांगितल्यावर आम्हाला दुसरं सांगता येण्यासारखं नव्हतंच. मी माझा विषमज्वराचा महिना सांगितला. हरसूलने भातलावणी सांगितली. कळवणला बोलावलं तेव्हा तो वस्तादकडे न बघता वर गेला आणि विचारल्यावर कांद्याचे सहा महिने सांगून खाली आला. त्यानंतर तो वस्तादशी कधी बोलला नाही. बहिणीचं लग्न त्याने कोणाकडून तरी पैसे काढून केलं. आम्हाला बोलावणं नव्हतं.

मावशींची साक्ष जूनमध्ये झाली. शेठच्या वकिलांनी हजेरीपट पुढे ठेवला आणि एकेका सहीवर बोट ठेवून विचारत गेले, "ही कोणाची?" त्या दर वेळी "माझी" म्हणाल्या. शेवटी साहेबांनीच त्यांना थांबवलं. म्हणाले, "हे दफ्तर तुम्हीच दाखल केलंय ना? यात हा माणूस वारल्यावरही अठ्ठावीस महिने हजर आहे. मग भांडी कोणी घासली?"

शेठचे वकील म्हणाले, वेटर आळीपाळीने घासत होते.

"मग यांची हजेरी कोणी लावली?"

शेठचे वकील हजेरीपटाची पानं उलटू लागले. शेठ पगार दिवाळीला रोख दिला असं म्हणत होते. दिल्याची पावती द्या म्हटल्यावर तीही नव्हती. मला त्या वेळी बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी खिडकीतून बाहेर सायकली मोजत बसलो होतो, एवढंच आठवतं.

मध्ये चाळमालकाने मावशींना दोनदा मुदत वाढवून दिली, आणि तिसऱ्यांदा खोलीची किंमत पाच हजार केली. "तुझी खोली ठेवली हेच खूप समज," म्हणाला. म्हणजे भरलेले बाराशे जाऊन राहिले तीन हजार आठशे. ती हे सांगायला माझ्याकडे आली होती. तोवर मी एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहायला लागलो होतो. दुकानाच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "जय भीम, भाऊ. एक हजार वाढले." मी कागदावर आकडा मांडून दिला. तो तिने घडी करून नेला.

निकाल जुलै १९८५ मध्ये लागला. बदलीचे महिने काम करणाऱ्याचे, ज्याचं नाव आहे त्याचे नव्हेत, असं साहेबांनी धरलं. त्याच न्यायाने अठ्ठावीस महिने मावशींचे. दर मात्र नव्वदचा धरायचा की एकशेचाळीसचा, यावर शेठचे वकील बरंच बोलले. साहेबांनी एकशेचाळीसचा धरला, कारण हजेरीपटावर तोच होता. आमच्या बाकीच्या बदल्यांनी अर्ज केलेला नव्हता, त्यामुळे त्यांचे एकोणीसशे वीस कोणालाच मिळाले नाहीत. ते शेठकडे राहिले. अठरा हजारांतले सोळा हजार ऐंशी मंजूर झाले.

शेठ वरच्या कोर्टात जाणार असं ऐकत होतो. गेले नाहीत. जागा घेणारा थांबायला तयार नव्हता म्हणे. सप्टेंबरात त्यांनी वकिलांच्या ऑफिसात रोख रक्कम आणून दिली. स्वतः आले होते, केस बरेच पांढरे झाले होते. मावशींनी पावतीवर सही केली, स्वतःच्या नावाची. त्या सहीला वेळ लागला. शेठ तेवढ्यात मला म्हणाले, "भाऊ, हार्डवेअरमध्ये काय देतात?" मी सांगितलं. "बरे देतात," म्हणाले, आणि गेले.

वकिलांनी सोळाशे आठ घेतले. मला अठराशे नव्वद मिळाले, त्यातून घराचं पुढचं दार बदललं. हरसूलला दोन हजार नऊशे सत्तर. कळवणला दोन हजार चारशे तीस, ते त्याचा चुलतभाऊ येऊन घेऊन गेला, चिठ्ठी आणली होती. वस्तादला चार हजार पाचशे नव्वद. त्यातून त्यांनी धाकट्या भावाला सहा महिन्यांचे एक हजार वीस दिले, कारण भाऊ म्हणाला, कोर्टाने नाही दिले तर तू दे.

मावशींना दोन हजार पाचशे ब्याण्णव मिळाले. ते तिने त्याच संध्याकाळी चाळमालकाला नेऊन दिले. राहिले बाराशे आठ. चाळमालकाने महिना पन्नासाने घ्यायचं कबूल केलं. चोवीस महिने पन्नास दिल्यावर ऑक्टोबर १९८७ मध्ये आठ रुपये उरले होते. ते तिने चाळमालकाला दिले आणि त्याने घेतले.